मासेमारी स्कूनर आणि त्यांचे शर्यतबाज कॅप्टन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कूनर म्हणजे नेमकं कुठलं जहाज?

दोन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज, कधीकधी जास्त डोलकाठ्यांचंही. शिडं आडवी टांगलेली नसतात, जहाजाच्या लांबीच्या दिशेने लावलेली असतात, आणि मागची डोलकाठी पुढच्यापेक्षा उंच असते. याचे फायदे दोन. एक म्हणजे वारा समोरून येत असला तरी त्याच्या बऱ्यापैकी जवळून जाता येतं, आणि दुसरं म्हणजे बहुतेक शिडं डेकवर उभं राहूनच सांभाळता येतात, त्यामुळे फक्त जहाज चालवायला फार माणसं लागत नाहीत. बाकीची माणसं मासे पकडायला मोकळी.

इथे कुठल्या स्कूनरबद्दल बोलतोय आपण?

मुख्यतः दोन गावांच्या. एक अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचं ग्लॉस्टर आणि दुसरं कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचं लुनेनबर्ग. दोन्ही गावं एकाच समुद्रात, म्हणजे न्यूफाउंडलंडजवळचा ग्रँड बँक्स आणि आसपासचे उथळ पट्टे, तिथेच कॉड आणि हॅलिबट पकडायची, आणि दोघांनाही वाटायचं की आपल्याइतकं जहाज हाकणं कुणालाच जमत नाही. ग्लॉस्टरची जहाजं बरीचशी शेजारच्या एसेक्स नावाच्या छोट्या गावात बांधली जायची.

पण मासेमारीच्या बोटीला वेग कशाला लागतो? मासे काय पळून जातात का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खरं तर सगळी गोष्ट इथेच आहे.

मासे पळून जात नाहीत, भाव पळून जातो. बोटी बर्फात ताजा मासा भरून बॉस्टनला आणायच्या, तिथे सकाळी लिलाव व्हायचा (आधी टी व्हार्फवर, १९१४ पासून नव्या फिश पिअरवर), आणि जी बोट आधी पोचली तिला चांगला भाव, मागून तीनचार बोटी एकदम आल्या की भाव धाडकन खाली. म्हणजे दोन आठवडे थंडीत राबून गोळा केलेल्या मालाची किंमत शेवटच्या एक-दोन दिवसांत ठरणार, आणि त्या एक-दोन दिवसांत शिडं किती वेळ वर ठेवायची आणि कधी उतरवायची हे कॅप्टन ठरवणार. वादळ येतंय हे दिसत असूनही जो पूर्ण शिडं ठेवून घरी यायचा त्याचं नाव व्हायचं. चांगले खलाशी त्याच्याच बोटीवर जागा मागायचे, कारण पैसे तिथे.

लुनेनबर्गचं थोडं वेगळं होतं. ते कॉड जहाजावरच मिठात घालायचे, मग घरी आणून वाळवायचे, आणि तो खारवलेला मासा वेस्ट इंडीजला वगैरे जायचा. ताज्या मालाइतकी घाई नाही. पण हंगामात जास्त फेऱ्या करायच्या तर वेग हवाच, आणि शिवाय इज्जतीचा मामला होताच. कप, ट्रॉफी, पेपरातले फोटो हे सगळं फार नंतर आलं, लोक मात्र उलट समजतात.

मासे पकडायचे कसे? जाळं टाकून?

नाही, या काळातल्या कॉड-हॅलिबटच्या कामात बहुतेक करून गळ. स्कूनरच्या डेकवर डोरी नावाच्या सपाट बुडाच्या छोट्या होड्या एकात एक बसवून ठेवलेल्या असायच्या. बँकेवर, म्हणजे त्या उथळ पट्ट्यावर, पोचलं की त्या पाण्यात सोडायच्या, प्रत्येकीत साधारण दोन माणसं, आणि त्यांनी लांबलचक दोरी टाकायची जिला थोड्या थोड्या अंतरावर शेकडो गळ आणि प्रत्येक गळाला आमिष. मग काही वेळाने ती दोरी हाताने ओढून घ्यायची. बर्फाळ पाणी, हाताने. होडी भरली की वल्हवत स्कूनरकडे परत.

म्हणजे स्कूनर हे फिरतं घर आणि गोदाम, खरी मासेमारी डोरीत. आणि धुकं आलं की डोरीतल्या माणसाला स्कूनर दिसायचीच बंद.

पगार किती मिळायचा?

पगार नाहीच, वाटा. माल विकला की आधी खर्च वजा, मग मालकाचा हिस्सा, राहिलेलं खलाशांमध्ये. आपल्या कोकणात बोटीवर वाट्याने काम करणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. फेरी वाईट गेली तर माणूस उधारी घेऊन घरी यायचा. म्हणूनच कॅप्टनने शिडं जास्त ठेवली म्हणून खलाशी सहसा कुरकुर करायचे नाहीत, वेगात त्यांचाही पैसा होता. कधीकधी जीवही.

कॅप्टन व्हायला काय लागायचं?

कॉलेजची डिग्री तर नक्कीच नाही. बहुतेक जण पोरवयातच समुद्रावर गेलेले. मासा कुठे लागेल, हवा कधी फिरेल, आणि आपण नक्की कुठे आहोत हे डोक्यात पक्कं असायला हवं. जमीन दिसत नसताना जागा ओळखायची एक पद्धत म्हणजे दोरीला शिसं बांधून तळाला सोडायचं, शिशाच्या खालच्या खळग्यात चरबी भरलेली असायची, तिला तळाची वाळू, शिंपल्याचे तुकडे, चिखल काय असेल ते चिकटून वर यायचं. खोली आणि ती वाळू बघून जुना कॅप्टन सांगायचा आपण कुठल्या बँकेच्या कुठल्या कोपऱ्यात आहोत. आपल्याकडे तांडेलाला जो मान असतो तो यांना होता, वर मालकाचा विश्वासही सांभाळायचा.

इतकी माणसं का मरायची?

आकडा सांगतो. एकट्या ग्लॉस्टरने १८७९ या एका वर्षात २९ जहाजं आणि २४९ माणसं गमावली. एका गावाने, एका वर्षात.

डोरी हरवणं हे एक कारण, हिवाळ्यातली वादळं दुसरं, पण तिसरं कारण जहाजांचा आकारच होता. वेगाच्या नादात स्कूनर रुंद, उथळ आणि शिडांनी लादलेल्या बांधल्या जात होत्या. अशी बोट हलक्या वाऱ्यात मस्त पळते पण एका मर्यादेपलीकडे कलली की परत सरळ होत नाही. जोसेफ कॉलिन्स नावाचा ग्लॉस्टरचाच कॅप्टन पुढे सरकारच्या मत्स्य खात्यात गेला आणि त्याने जहाजं खोल बांधा म्हणून लिहून लिहून पिच्छा पुरवला. मग एडवर्ड बर्जेस या यॉट डिझायनरने १८८९ मध्ये फ्रेडोनिया काढली, खोल आणि तरीही वेगवान, आणि तिची नक्कल भराभर झाली.

त्याच्यानंतर टॉमस मॅकमॅनस. बॉस्टनमधल्या शिडं शिवणाऱ्या घरातला माणूस. याचं काम मला स्वतःला सगळ्यात मोठं वाटतं. जहाजाच्या नाकातून पुढे आलेली जी काठी असते तिच्यावर जाऊन पुढचं शीड आवरताना माणसं लाटेत वाहून जायची, तिला खलाशी बायकांना विधवा करणारी काठी म्हणायचे. मॅकमॅनसने ती काठीच काढून टाकली, जहाजाचं नाक लांब केलं आणि शिडं डेकच्या आत आणली. अशी पहिली स्कूनर हेलन बी. थॉमस, १९०२ ची. शर्यतींच्या गोष्टींत मॅकमॅनसचं नाव लोक घाईत उडवून पुढे जातात, पण किती घरं वाचली असतील विचार करा.

हॉवर्ड ब्लॅकबर्नची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. १८८३ च्या जानेवारीत ग्रेस एल. फिअर्स या स्कूनरच्या डोरीतून तो आणि त्याचा जोडीदार बर्फाच्या वादळात हरवले. हातमोजे गेले, हात गोठणार हे कळल्यावर त्याने बोटं वल्ह्याभोवती वाकवून तशीच गोठू दिली म्हणजे निदान वल्हवता तरी येईल. जोडीदार वाटेतच वारला. हा पाच दिवसांनी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याला लागला. हाताची सगळी बोटं गेली, पायाचीही काही. नंतर ग्लॉस्टरमध्ये दारूचा गुत्ता चालवला, आणि त्याच बिनबोटांच्या हातांनी १८९९ आणि १९०१ मध्ये एकट्याने अटलांटिक पार केला. शर्यतबाज कॅप्टन नव्हता तो, पण ग्लॉस्टरच्या गप्पा त्याच्याशिवाय पूर्ण होत नाहीत म्हणून इथे.

ठरवून शर्यती कधी सुरू झाल्या?

१८८६ मध्ये बॉस्टनला मच्छीमारांची पहिली मोठी शर्यत झाली. पण लोकांच्या तोंडी राहिली ती १८९२ ची. ग्लॉस्टरला २५० वर्षं झाली म्हणून शर्यत ठेवलेली आणि त्या दिवशी नेमकं तुफान. यॉटवाल्यांनी रद्द केली असती, यांनी काढली. हॅरी एल. बेल्डन ही स्कूनर जिंकली, कॅप्टन मॉरिस व्हेलन, आणि ती समुद्रावरून थेट आलेली, शर्यतीसाठी खास तयारी वगैरे काही नाही.

१९०७ मध्ये बॉस्टनजवळ लिप्टन कप झाला (हो, तोच चहावाला थॉमस लिप्टन). तो प्रॉव्हिन्सटाउनच्या रोझ डोरोथियाने घेतला, कॅप्टन मॅरियन पेरी, पोर्तुगीज वंशाचा. वरची डोलकाठी मोडलेली असताना जिंकली.

मग तो प्रसिद्ध आंतरराष्ट्रीय कप कुठून आला?

१९२० च्या उन्हाळ्यात अमेरिकाज कप या यॉटच्या मोठ्या स्पर्धेतली एक शर्यत वारा जास्त आहे म्हणून थांबवली. वारा किती, तर साधारण २३ नॉट. ग्लॉस्टर आणि लुनेनबर्गमध्ये लोक हसून हसून बेजार, कारण यांच्या दृष्टीने ती कामाला चांगली हवा. हॅलिफॅक्स हेरल्ड या पेपरचा मालक विल्यम डेनिस याने संधी साधली आणि खऱ्या मच्छीमारांसाठी कप आणि चार हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. अटी साध्या होत्या: जहाज खरोखर बँकांवर मासेमारी केलेलं हवं, खलाशी खरे मच्छीमार हवेत, लांबीला मर्यादा, आणि शिडं रोजच्या कामातलीच.

लुनेनबर्गतर्फे डेलावाना, कॅप्टन टॉमी हिमेलमन. ग्लॉस्टरतर्फे एस्पेरांतो, कॅप्टन मार्टी वेल्च. एस्पेरांतोने हॅलिफॅक्सला येऊन सरळ दोन शर्यती घेतल्या आणि कप घेऊन गेली. कॅनडात सुतकच पडलं.

म्हणून ब्लूनोज बांधली?

अगदी म्हणूनच. हॅलिफॅक्सच्या विल्यम रुए याने डिझाइन केलं, लुनेनबर्गच्या स्मिथ अँड रूलंड यार्डात बांधली, २६ मार्च १९२१ ला पाण्यात उतरली. लांबी १४३ फूट. बांधताना खलाशांच्या खोलीत उंची कमी पडते म्हणून पुढचा भाग थोडा वर उचलला आणि त्यानेच तिला वेग आला असं लुनेनबर्गमध्ये सांगतात, रुए बिचारा सोडून सगळ्यांना श्रेय.

एक गोष्ट मात्र विसरू नका, ती मासेमारीतही जबरदस्त होती. १९२३ मध्ये एका फेरीत तिने ६ लाख ४६ हजार पौंड मासा लुनेनबर्गला उतरवला.

ब्लूनोजचा कॅप्टन अँगस वॉल्टर्स माणूस कसा होता?

बुटका, तोंडाने फटकळ, आणि हरणं सहन न होणारा. तेराव्या वर्षी समुद्रावर. खलाशांना राबवून घ्यायचा पण पैसे मिळवून द्यायचा त्यामुळे माणसं टिकायची. आणि नुसता तापटच होता असंही नाही. १९२१ मध्ये समोर एल्सी होती, कॅप्टन पुन्हा मार्टी वेल्च (एस्पेरांतो त्याच वर्षी सेबल बेटाजवळ बुडाली होती). जोरात वाऱ्यात एल्सीची पुढची वरची डोलकाठी मोडली तेव्हा वॉल्टर्सने स्वतःचंही वरचं शीड उतरवलं, बरोबरीत राहावं म्हणून. तरीही जिंकला. कप कॅनडात.

१९२२ ला भांडण कशावरून?

शिडांवरून. ग्लॉस्टरचा क्लेटन मॉरिसी हेन्री फोर्ड ही नवी स्कूनर घेऊन उतरला (गाडीवाल्याचंच नाव, जहाज मात्र मॅकमॅनसचं). शर्यत ग्लॉस्टरजवळ, घरच्या मैदानावर. समितीने त्याची शिडं मापात बसत नाहीत म्हणून कापायला लावली. मग पहिली शर्यत हेन्री फोर्ड जिंकली, तर समिती म्हणे ही शर्यत धरायचीच नाही, आम्ही सुरुवात पुढे ढकलली होती. खलाशी इतके भडकले की पुढे उतरायलाच तयार नव्हते. शेवटी उतरले, आणि मालिका ब्लूनोजने घेतली. मॉरिसी शांत स्वभावाचा माणूस, त्याने फार आरडाओरडा केला नाही, पण माझं मत विचाराल तर त्या वर्षी त्याच्यावर अन्याय झाला. मोजपट्टी घेऊन फिरणारे साहेब लोक आले तेव्हाच या शर्यतीचा मजा निम्मा गेला.

ग्लॉस्टरच्या किनाऱ्यावर सुकाणू धरून उभ्या असलेल्या खलाशाचा जो पुतळा आहे १९२५ चा, तो मॉरिसीवरूनच घडवला असं म्हणतात.

आणि १९२३?

त्याहून वाईट. यावेळी कोलंबिया, कॅप्टन बेन पाइन, हॅलिफॅक्सला. पहिल्या शर्यतीत दोघं किनाऱ्याच्या खडकांकडे इतके जवळ गेले की जागाच उरली नाही, ब्लूनोजची शिडाची आडवी काठी कोलंबियाच्या दोरखंडात अडकली आणि थोडं अंतर ती तिला ओढत घेऊन गेली. जिंकली ब्लूनोज, जेमतेम. मग नवा नियम आला की खुणेचे बॉये ठराविक बाजूनेच ओलांडायचे. दुसऱ्या शर्यतीत ब्लूनोज पुन्हा पुढे, पण एक बॉया चुकीच्या बाजूने गेला म्हणून समितीने निकाल कोलंबियाला दिला. वॉल्टर्स भडकला, ऐकून घेईना, आणि सरळ जहाज घेऊन लुनेनबर्गला निघून गेला.

आता पाइनला नुसतं एकट्याने फेरी मारून कप नेता आला असता. त्याने नाही म्हटलं. बक्षीस दोघांत वाटलं, आणि हा कप पुढची आठ वर्षं झालाच नाही.

हे अमेरिकन कॅप्टन खरंच अमेरिकन होते का?

इथे गंमत आहे. मार्टी वेल्च आणि क्लेटन मॉरिसी दोघंही नोव्हा स्कोशियात जन्मलेले, बेन पाइन न्यूफाउंडलंडचा. बांगड्याच्या जातीचा मॅकरेल पकडण्यात ज्याला राजा म्हणायचे तो सॉल जेकब्सही न्यूफाउंडलंडचाच. काम ग्लॉस्टरला म्हणून माणसं तिकडे गेली. म्हणजे पेपरवाले अमेरिका विरुद्ध कॅनडा म्हणून रंगवत होते आणि दोन्ही डेकवर एकाच किनाऱ्याची माणसं.

कोलंबियाचं पुढे काय झालं?

ऑगस्ट १९२७ च्या वादळात सेबल बेटाजवळ बुडाली, २२ माणसांसकट, एकही वाचला नाही. त्याच वादळात लुनेनबर्गकडच्याही चार स्कूनर गेल्या. आदल्या वर्षी १९२६ च्या वादळात दोन गेल्या होत्या.

ब्लूनोज कधीच हरली नाही म्हणतात, खरं का?

नाही. आंतरराष्ट्रीय कप तिने एकदा घेतल्यावर सोडला नाही हे खरं. पण १९३० मध्ये ग्लॉस्टरजवळ लिप्टनच्याच दुसऱ्या एका कपमध्ये गर्ट्रूड एल. थीबोने तिला हरवलं, कॅप्टन बेन पाइन. कॅनडावाले म्हणतात ती मुख्य मालिका नव्हती, अमेरिकावाले म्हणतात हरली ती हरली. १९३१ ला हॅलिफॅक्समध्ये ब्लूनोजने वसूल केलं.

शेवटची शर्यत कुठली?

१९३८, बॉस्टन आणि ग्लॉस्टरजवळ, पुन्हा ब्लूनोज आणि थीबो, पाच शर्यतींची मालिका. २-२ झाल्यावर पाचवी ब्लूनोजने घेतली. पाइन आजारी पडल्याने काही शर्यतींत सेसिल मोल्टनने थीबो चालवली. तोपर्यंत ब्लूनोजमध्ये डिझेल इंजिन बसलेलं होतं, शर्यतीसाठी काढून ठेवलं. यावरूनच कळतं धंदा कुठे पोचला होता.

इंजिनामुळे संपलं का सगळं?

मुख्यतः हो. सॉल जेकब्सने १९०० मध्येच हेलन मिलर गूल्ड ही इंजिन बसवलेली स्कूनर काढली होती (पुढच्याच वर्षी जळाली). १९०५ ला बॉस्टनमध्ये स्प्रे हा वाफेवरचा ट्रॉलर आला. जाळं तळावरून ओढत नेणाऱ्या ट्रॉलरपुढे डोरी आणि गळ किती टिकणार. कप सुरू झाला १९२० ला, म्हणजे तेव्हाच शिडांचा धंदा उताराला लागलेला.

पण एकदम संपलं नाही. ग्लॉस्टरची ॲडव्हेंचर, १९२६ ची, डोरी घेऊन १९५३ पर्यंत कामावर होती. लुनेनबर्गची थेरेसा ई. कॉनर १९६३ ला निघाली तर खलाशीच मिळेनात, परत फिरली. आणि पोर्तुगीज तर १९७० च्या दशकापर्यंत ग्रँड बँक्सवर डोरी सोडत होते, त्यांच्या बकल्यावसाठी. गोव्यातल्या जुन्या घरांत खारवलेल्या कॉडचं ते नाव अजून ऐकू येतं.

पुढे ट्रॉलरनी इतका उपसा केला की १९९२ मध्ये कॅनडाने न्यूफाउंडलंडची कॉडमारीच बंद केली.

ब्लूनोजचा शेवट?

१९३९ मध्ये कर्जापायी लिलावाची वेळ आली तेव्हा वॉल्टर्सने स्वतःचे पैसे घालून ती सोडवली. देशाच्या नाण्यावर जहाज, आणि ते वाचवायला पैसे कॅप्टनच्या खिशातले! शेवटी १९४२ ला वेस्ट इंडीजच्या व्यापाऱ्यांना विकावी लागली. जानेवारी १९४६ मध्ये हैतीजवळ खडकावर आपटून फुटली. वॉल्टर्स लुनेनबर्गमध्ये दुधाचा धंदा करत राहिला, १९६८ मध्ये वारला.

नाण्यावरचं जहाज तीच आहे ना?

हो, १९३७ पासून कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर. अनेक वर्षं सरकार गुळमुळीत बोलत होतं, २००२ मध्ये अधिकृतपणे मान्य केलं.

आज यातलं काय बघायला मिळतं?

बऱ्यापैकी. ब्लूनोज २ ही त्याच यार्डात १९६३ ला बांधलेली प्रतिकृती, पैसे एका दारू कंपनीचे, १९७१ मध्ये एका डॉलरला सरकारकडे आली. नंतर तिची जवळजवळ नव्याने बांधणी केली, २०१२ ला पुन्हा पाण्यात, आणि सुकाणूच्या कटकटीने पुढे बराच काळ डोकं खाल्लं. लुनेनबर्गचं जुनं गाव १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे, थेरेसा ई. कॉनर तिथेच म्युझियममध्ये आहे. ॲडव्हेंचर ग्लॉस्टरला. एल. ए. डंटन कनेटिकटमध्ये मिस्टिकला. १८९४ ची एफी एम. मॉरिसी सगळ्यात भटकी: आधी मासेमारी, मग कॅप्टन बॉब बार्टलेटबरोबर आर्क्टिकच्या मोहिमा, मग केप व्हर्डची प्रवासी वाहतूक, १९८२ ला केप व्हर्डने अमेरिकेला भेट म्हणून परत दिली. आता नाव अर्नेस्टिना-मॉरिसी. एकच निवडायची असेल तर मी ब्लूनोज २ सोडून हीच बघेन, कारण ही खरी आहे.

शर्यती अजून होतात का?

ग्लॉस्टरला दरवर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीत, स्कूनर महोत्सव असतो. मोठ्या स्कूनरांच्या कपाला एस्पेरांतोचं नाव आहे. मासे कुणी पकडून आणत नाही त्यामुळे भावाचं टेन्शन नाही, आणि सुरुवातीच्या रेषेवरची भांडणंही जरा सौम्य असतात.